क्विंटलभर कापसाचा मोबाइल



गेल्या दोन वर्षांत ज्या ज्या गावी बैठकीला गेलो, तिथे बैठक संपल्यावर कोणी ना कोणी बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. "भाऊ, मोबाइल कोणता घेऊ? सात-आठ हजारांत बसणारा सांगा." पूर्वी हीच माणसे विचारीत, "वाण कोणते लावू?" मी शिकलो शेतकीचे. पऱ्हाटीचे पान पाहून रोग सांगण्याची पदवी माझ्याजवळ आहे, मोबाइल पाहून गुण सांगण्याची नाही. म्हणून सुरुवातीला हसून टाळत होतो.

आता टाळत नाही. हा प्रश्न चैनीचा राहिलेला नाही. बियाणे, खत, औषध यांच्या रांगेत मोबाइल ही नवी निविष्ठा येऊन बसली आहे. मग वाणाची करतो तशीच तिची पारख केली पाहिजे. पाकिटावरच्या चित्रावर जाऊन बियाणे घेणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. मोबाइलच्या डब्यावरच्या चित्राला मात्र भुलतो.

सक्ती कोणी केली?

काही वडीलधारी माणसे म्हणतात, "हे पोरांचे खूळ आहे. आमचे मोबाइलवाचून काय अडले होते?" त्यांचा राग मला समजतो, पण त्यांनी गेल्या काही वर्षांचा क्रम एकदा डोळ्यांखालून घालावा.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याने वहीत लिहायची ती पिकाची नोंद शेतकऱ्याने वावरात उभे राहून, फोटो काढून, मोबाइलवरून करायची. २०२३ आणि २०२४ च्या खरिपात एक रुपयाचा विमा होता. पाणी साचले, गारपीट झाली तर ७२ तासांच्या आत कळवा, असा दंडक होता. २०२५ च्या खरिपात रुपयाचा विमा गेला, पण ७२ तासांची धावपळ ज्यांनी केली ते ती विसरलेले नाहीत. एप्रिल २०२५ पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागू झाला. तो काढायला आधारशी जोडलेल्या नंबरावर ओटीपी येणार.

आणि मग कापूस. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर झाला. सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी सक्तीची. १ सप्टेंबरपासून नोंदणी सुरू झाली, मुदत ३० सप्टेंबर. ओरड झाल्यावर ती वाढवली. नोंदणी झाली की कापूस आणण्याचा दिवसही त्याच ॲपवर धरायचा.

आता ही साखळी पाहा. पीक पाहणी नाही तर सातबाऱ्यावर कापूस नाही. सातबाऱ्यावर कापूस नाही तर नोंदणी नाही. नोंदणी नाही तर दिवस नाही. दिवस नाही तर हमीभाव नाही. या साखळीची पहिली कडी तुमच्या खिशातला सात-आठ हजारांचा मोबाइल आहे. तो अडला की पुढचे सगळे अडले.

माझ्या माहितीतला एक म्हातारा कास्तकार. चार एकर पऱ्हाटी. मुलगा पुण्याला कारखान्यात. आधारला नंबर मुलाचा जोडलेला. इकडे म्हातारा शेजाऱ्याचा मोबाइल घेऊन ॲप उघडतो, ओटीपी वाजतो पुण्याला. मुलगा पाळीवर, त्याचा फोन बाहेर कपाटात. मुलगा सुटतो तोवर ओटीपीची मुदत संपलेली. असे चार वेळा झाले. शेवटी म्हाताऱ्याने खेडा खरेदीवाल्याला कापूस घातला, क्विंटलमागे हजाराहून जास्त सोडून. त्याच्या पऱ्हाटीवर बोंडअळी नव्हती, कापसात ओल नव्हती. त्याचा ओटीपी वेळेवर पोचला नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

डब्यावरची किंमत आणि खरी किंमत

मोबाइल आठ हजारांचा धरू. लांब धाग्याच्या हमीभावाने हा जवळजवळ एक क्विंटल कापूस झाला. कोरडवाहू एकरी चार-पाच क्विंटल पिकवणाऱ्याचा हा एकराचा पाचवा-चौथा हिस्सा.

पण आठ हजार ही बियाण्याची किंमत झाली. लागवडीचा खर्च पुढेच आहे. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले आणि रोज दीड जीबीचा २३९ रुपयांचा रिचार्ज २९९ रुपयांचा झाला. तोही २८ दिवसांचा. शेतकऱ्याचा महिना तीस दिवसांचा, कंपनीचा अठ्ठावीस दिवसांचा! त्यामुळे वर्षाचे महिने बाराचे तेरा होतात. तेरा गुणिले २९९ म्हणजे ३,८८७ रुपये. तीन वर्षांचे ११,६६१. तीन वर्षांत पडदा एकदा तरी फुटणार, त्याचे १,५०० धरा. मोबाइलचे ८,०००. एकूण २१,१६१ रुपये. वर्षाला ७,०५४.

हमीभावाने हे वर्षाला ८७ किलो कापूस होतात. ज्वारीत मोजायचे तर २०२५-२६ च्या ३,६९९ रुपये हमीभावाने सुमारे १ क्विंटल ९० किलो संकरित ज्वारी. हमीभाव मिळाला तर! नाही मिळाला तर किलो आणखी वाढले. बोलण्यापुरता रिचार्ज साध्या फोनलाही लागतो, हे कबूल. पण एवढा खर्च होतो हे आधी माहीत असले पाहिजे. "सात हजारांत काम झाले" असे म्हणणारा माणूस तीन वर्षांत वीस हजारांच्या वर मोजून बसलेला असतो.

यातला सरकारचा वाटाही पाहा. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. आठ हजारांच्या मोबाइलमध्ये सुमारे १,२२० रुपये कर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मोबाइल १८ वरच राहिला. व्यापारी धंद्यासाठी मोबाइल घेतो, त्याला कराची वजावट मिळू शकते. आपण सरकारच्याच हुकुमावरून घेतो आणि आपल्याला वजावट नाही. सक्तीही त्यांचीच आणि सक्तीवर करही त्यांचाच!

गुण आधी सांगतो

मालात खोट काढायची तर आधी गुण कबूल करावेत, नाहीतर तोलणारा खोटा ठरतो.

पहिला गुण, जीव वाचवतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप आपल्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडण्याचा इशारा देते. मृगात आणि परतीच्या पावसात झाडाखाली उभे राहून माणसे आणि बैल गमावणाऱ्या आपल्या भागात या एका कामासाठीही मोबाइल घरात असावा.

दुसरा गुण, चेहरा ओळखतो. मातीत हात घालून घालून बोटांचे ठसे झिजतात आणि केंद्रावरचे यंत्र आपल्याला ओळखत नाही. जून २०२३ पासून पीएम-किसानच्या ॲपवर चेहरा दाखवून केवायसी होऊ लागली. एका मोबाइलवरून शेजाऱ्यांचीही करता येते. साध्या कॅमेऱ्यालाही हे काम जमते.

तिसरा गुण, वाचून दाखवतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची आणि बोलून लिहिण्याची सोय आता स्वस्त मोबाइलमध्येही असते. अक्षरओळख नसलेल्या बाईला जिच्या नावावर सातबारा आहे, तिला ही सोय नवऱ्यापेक्षा भरवशाची वाटली तर मला नवल वाटणार नाही.

चौथा गुण, बाजार दिसतो. पण इथे एक सावधगिरी. १९ ऑगस्ट २०२५ पासून सरकारने आयात कापसावरचे ११ टक्के शुल्क उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. ही बातमी तुमच्या हातात लगेच पोचली. पोचून काय झाले? तुमची बोंडे तेव्हा फुटायची होती. मोबाइल भाव दाखवतो, भाव देत नाही. हे ज्याने ओळखले त्याची मोबाइलकडून निराशा होणार नाही.

आता दोष

मी स्वतः साडेसात हजारांचा मोबाइल दोन हंगाम वावरात वापरला. त्यावरून सांगतो.

एक, ऊन. दुकानात ट्यूबलाइटखाली झळकणारा पडदा दुपारच्या उन्हात काळा आरसा होतो. पीक पाहणीचा फोटो काढताना मी डोक्यावर उपरणे घेऊन, तंबू करून आत पाहत होतो.

दोन, उष्णता. बहुतेक कंपन्या आपल्या पुस्तिकेत शून्य ते चाळीस अंश तापमानात वापरा, असे लिहितात. आपला मे महिना पंचेचाळिसाला भिडतो. तापला की मोबाइल मंदावतो, चार्जिंग थांबवतो आणि बॅटरीचे आयुष्य घटते. बैल चाळीस अंशांच्या वर चालणार नाही म्हणून कोणी विकला असता तर आपण घेतला असता का?

तीन, जागा दाखवणे. मोकळ्या रानात स्वस्त मोबाइलचा ठिपका पाच-दहा मीटर इकडे-तिकडे सरकतो. म्हणजे गुंठाभर. मोठ्या वावरात हे चालते. पण भाऊवाटणीत ज्याच्या वाट्याला चिंचोळा पट्टा आला, त्याचा ठिपका भावाच्या वावरात पडतो. माझा स्वतःचा तसा पडला. मी माझ्या पऱ्हाटीत उभा होतो आणि ॲप सांगत होते की मी माझ्या गटात नाही. दोष यंत्राचा, पण नोंद अडली माझी.

चार, कॅमेरा. पानाचा फोटो पाठवा आणि कीड ओळखा, असे सांगणारे पुष्कळ झाले. स्वस्त कॅमेरा जवळची बारीक वस्तू धूसर काढतो आणि गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत असते. तिचा फोटो कोणताच मोबाइल बाहेरून काढू शकत नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग अडकले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडली आणि दोनात अळी निघाली, तर फवारणीची वेळ झाली. हे काम सापळ्याचे आणि नखाचे आहे.

पाच, चार्जिंग. डब्यावर ५,००० एमएएच लिहिलेले असते आणि ते खरेही असते. पण सोबतचा १० वॅटचा चार्जर ती बॅटरी भरायला तीन तासांच्या आसपास घेतो. वीज तीन तास सलग राहते का, हे तुमच्या गावच्या वायरमनला विचारा.

सहा जीबीतली ओल

एक फसवणूक वेगळी सांगितली पाहिजे. डब्यावर मोठ्या अक्षरात छापतात: ६ जीबी रॅम. खाली मुंगीच्या अक्षरात: ३ अधिक ३. यातले खरे तीन. उरलेले तीन म्हणजे साठवणीची जागा उसनी घेऊन दाखवलेली रॅम. ती संथ असते, खऱ्याच्या तोडीची नसते.

आपण केंद्रावर कापूस नेला तर ग्रेडर यंत्र खुपसून ओल मोजतो. आठ टक्क्यांच्या वर ओल गेली की भाव कापतो, बाराच्या वर गेली की गाडी परत. मोबाइलच्या या सहा जीबीत अर्धी ओल आहे. तिच्यावर कोण घट कापणार? शेतकऱ्याने मालात पाणी मारले तर तो चोर आणि कंपनीने मारले तर ते तंत्रज्ञान!

हप्त्याचा मोबाइल

आता हप्ता. २०२१ च्या दिवाळीत जिओफोन नेक्स्ट मोठ्या गाजावाजाने आला. रोख किंमत ६,४९९ रुपये. २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण, ३,५०० एमएएच बॅटरी. वाचून दाखवण्याची आणि भाषांतराची सोय त्यात होती, ती चांगली होती. हप्त्याने घ्यायचा तर १,९९९ रुपये आधी, ५०१ रुपये प्रक्रिया शुल्क आणि सर्वांत लहान योजनेत २४ महिने ३०० रुपये. बेरीज ९,७००. त्यात महिन्याला ५ जीबी डेटा आणि १०० मिनिटे बोलणे धरलेले होते, हे सांगितले पाहिजे. पण १०० मिनिटे म्हणजे दिवसाला साडेतीन मिनिटेही नव्हेत. मजूर सांगायला, गाडी ठरवायला, आजाऱ्याची विचारपूस करायला ती कुठवर पुरणार? आणि डेटा त्याच कंपनीच्या सिमवर चालायचा. गावात दुसऱ्याचा टॉवर असेल तर बसा. तो फोन आता जुना झाला, पण त्याचा धडा जुना झालेला नाही. हप्ता छोटा दिसतो, बेरीज मोठी निघते.

हप्त्यावरच्या कितीतरी मोबाइलांत आणखी एक कलम असते: हप्ता चुकला की मोबाइल दुरून कुलूपबंद. पूर्वी वसुलीला जीप यायची, ती गावाला दिसायची तरी. आता जप्ती खिशातल्या खिशात होते. आपला पैसा दिवाळी ते संक्रांत येतो, हप्ता मात्र आषाढातही येतो. आणि श्रावण-भाद्रपदातच पीक पाहणी असते. ऐन वेळी मोबाइल कुलूपबंद झाला तर सातबारा कोरा.

मग घ्यावा की नाही?

घ्यावा. पण घरटी एक रडका मोबाइल घेण्यापेक्षा पाच घरांनी मिळून एक बरा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तिफण प्रत्येकाच्या घरी कुठे होती? पेरणी अडली का?

रीत अशी. प्रत्येकाने आपल्या नावाचे सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये ठेवावे आणि आधारला तोच नंबर जोडून घ्यावा. ओटीपी साध्या फोनवरही येतो. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार प्राधिकरणाने आदेश दिल्यावर जानेवारी २०२५ पासून कंपन्यांना डेटाशिवायचे, नुसत्या बोलण्याचे रिचार्ज काढावे लागले. दुकानदार ते आपणहून सांगत नाही, मागून घ्या. आणि पाच घरांत मिळून एक बारा हजारांच्या आसपासचा मोबाइल घ्यावा, रोखीने, वेचणीच्या पैशातून. सात हजारांचा दोन वर्षांत बसला तर वर्षाला साडेतीन हजार पडतो, बारा हजारांचा चार वर्षे टिकला तर तीन हजार. त्यात पाच वाटे. पीक पाहणीच्या ॲपवर एका मोबाइलवरून अनेक खातेदारांच्या नोंदी होतात. शिकलेल्या सुनेकडे किंवा मुलीकडे तो सांभाळायला द्या. ओटीपी आपल्यासमोरच वापरला जाईल, पाठीमागे नाही, हा नियम पाचही घरांनी पाळावा.

घेताना चार कसोट्या लावा. दुपारी जा आणि मोबाइल दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहा. नकाशा उघडून पाच मिनिटे उभे राहा. ठिपका स्थिर होतो का, ते बघा. खरी रॅम किती, हे सेटिंगमध्ये पाहा. चार जीबीच्या खाली घेऊ नका. आणि गावात ज्याचा टॉवर आहे त्याचेच सिम घाला. दुकानदार कुरकुर करील. करू द्या. बाजारात आपण बैलाचे दात मोजतोच.

मागणी काय?

आपण पाच घरांत मोबाइल वाटून घेऊ, तो आपला शहाणपणा. पण त्यामुळे सरकारची जबाबदारी सुटत नाही. जिल्हा बैठकीपुढे मी चार मागण्या ठेवतो.

एक. जिथे जिथे मोबाइलची सक्ती आहे, तिथे तिथे कागदावर अर्ज घेणारी खिडकीही पाहिजे. पीक पाहणीला उरलेल्या नोंदीसाठी सहायक नेमले आहेत, तसा माणूस कापूस नोंदणीला प्रत्येक बाजार समितीत बसवा. त्याने पोच दिली पाहिजे.

दोन. ठिपका सरकल्यामुळे नोंद अडली तर ती शेतकऱ्याची चूक धरू नये. बांधावर येऊन खात्री करणे हे अधिकाऱ्याचे काम आहे.

तीन. शेतीसाठी सक्तीचा झालेला स्वस्त मोबाइल ट्रॅक्टरप्रमाणे ५ टक्क्यांत आणा. आणि कापूस-ज्वारीच्या उत्पादनखर्चाच्या हिशेबात मोबाइल आणि रिचार्ज उघडपणे दाखवा. वर्षाचे सात हजार रुपये हवेतून येत नाहीत.

चार. डब्यावर खरी रॅमच छापा आणि बदली पडद्याची व बॅटरीची किंमतही छापा. बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्ती छापायला लागते, मग यांना सूट का?

भावांनो, मोबाइल वाईट नाही आणि देवही नाही. ते अवजार आहे. नांगर घेताना आपण फाळ पाहतो, रंग पाहत नाही. पण ज्याने "हाच नांगर वापर, नाहीतर तुझे वावर पडीक लिहितो" असा हुकूम काढला, त्याला नांगराची किंमतही विचारली पाहिजे.

बैठकीला येताना एक काम करा. नोंद अडली असेल, दिवस चुकला असेल, ओटीपी आला नसेल, तर गाव, गट क्रमांक, तारीख आणि किती क्विंटल कापूस किती भावाने बाहेर घालावा लागला, एवढे वहीच्या एका पानावर लिहून आणा. मोबाइलवर नको, कागदावर आणा. कागदाला ओटीपी लागत नाही.